चौथ्या मजल्यावरून येणारी तार

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कंडक्टरबाई बाजारातून परत आल्या, तेव्हा टीव्हीचा पडदा निळा पडला होता आणि नवरा पलंगावर अर्धवट उठून छताकडे बोट दाखवत होता.

"वर," तो म्हणाला. "वर."

"हो हो, कळलं. वरून सिग्नल गेलाय," बाई म्हणाल्या आणि पिशवी टेकवून त्यांनी आधी त्याच्या पाठीला उशी लावली.

गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून त्याची उजवी बाजू गेली होती. शब्दही अगदी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. वर, खाली, पाणी, नको, आणि राग आला की एक शिवी. ती मात्र अजून पूर्वीइतकीच स्वच्छ निघायची. बाकीचं सगळं तो डाव्या हातातल्या अंगठीने पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवून सांगायचा. दोघांनी सव्वीस वर्षं एकाच बसवर काढली होती. तो चालवायचा, त्या तिकिटं फाडायच्या. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नोकरी संपली तरी घंटेची भाषा घरात राहिली, एक म्हणजे थांब किंवा नाही, दोन म्हणजे चल किंवा हो, आणि आता तिच्यावरच संसार चालला होता.

त्या संध्याकाळी तो एकेकच ठोका देत राहिला. टण. थोडं थांबून पुन्हा टण. जेवण त्याने अर्धं टाकलं. बाईंना वाटलं, टीव्ही नाही म्हणून रुसलाय. दिवसभर अंथरुणात पडलेल्या माणसाला दुसरं आहे काय?

"उद्या सकाळी डिशवाल्याला फोन करते," त्यांनी सांगितलं. "आता झोपा."

टण.

हा टीव्ही फुकटातला होता, आणि तो घरात आणल्याचा बाईंना केवढा तरी अभिमान होता. इमारत बांधणाऱ्याने गच्चीवर सगळ्यांसाठी मिळून एक भलीमोठी डिश बसवून ठेवली होती. तिच्यातून निघालेली तार घराघरांतून खाली उतरत यायची. पाचव्या मजल्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे बाईंच्या घरात. पण लोकांनी आपापल्या पैशांच्या जोडण्या घेतल्या आणि ती तार सगळे विसरून गेले. नवऱ्याच्या पलंगासाठी कपाट सरकवलं तेव्हा बाईंना भिंतीत रंगाखाली बुजलेलं एक सॉकेट दिसलं. दुसरी कोणी असती तर त्याच्यावर कॅलेंडर टांगून मोकळी झाली असती. बाईंनी चाकूच्या टोकाने रंग खरवडला आणि डिशवाल्याला बोलावून आणलं.

"ताई, हे तर घबाड आहे," तो म्हणाला होता. "साठ-सत्तर चॅनल उघडेच असतात. टीव्हीला एक सेट-टॉप डबा लावायचा, की झालं."

"चोरी नाही ना ही?" बाईंनी तीनदा विचारलं. जन्मभर फुकट्या प्रवाशांना पकडलेली बाई. आपण फुकटे ठरू नये, ही धास्ती.

"बागेतल्या नळाचं पाणी प्यायला कोणी चोर म्हणतं का? फक्त एक आहे. तार वरच्यांच्या घरातून येते. मध्ये कोणी काढली, की खालचा आंधळा."

मधला म्हणजे चौथ्या मजल्यावरचे मोजणीसाहेब. जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, उंच, काटकुळे गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या, आणि जिन्यातसुद्धा आपल्या हद्दीत चालल्यासारखे चालायचे. डिशवाला तपासणीला त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी काही न बोलता दार उघडलं होतं, आणि फुकट आहे म्हटल्यावर स्वतःसाठीही एक डबा लावून घेतला होता. पण बाईंशी त्यांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. त्यांच्या न्हाणीघरातून बाईंच्या छतावर ओल उतरत होती. साहेब म्हणत, पाइप सामाईक आहे, माझा संबंध नाही. बाई म्हणत, पाणी तुमचं, तर ओलही तुमचीच. शब्दाने शब्द वाढला. आता समोरासमोर आले की दोघंही भिंतीचा रंग बघत पुढे जायचे. गेल्याच गुरुवारी बाईंनी इमारतीच्या समितीला या ओलीबद्दल चांगलं दोन पानी पत्र दिलं होतं.

आणि रविवारी टीव्ही गेला. बाईंनी दोन अधिक दोन चार केले.

सोमवारी साडेबाराला डिशवाला आला. चाळिशीचा, हडकुळा, खांद्यावर तारेचं वेटोळं आणि हातात हत्यारांची जड पेटी. बाईंच्या सॉकेटला त्याने सिग्नल मोजायचा मीटर लावला. मीटर मुका. दोघं गच्चीवर गेले. तिथे मीटर सुरेख बोलला. पाचव्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहायच्या. त्यांनी मशीन थांबवून दोघांना आत घेतलं. त्यांच्या भिंतीतल्या जुन्या सॉकेटवरही मीटर बोलला.

डिशवाल्याने मीटर खिशात टाकला. "म्हणजे चौथ्यावर गडबड आहे."

"मला ठाऊकच होतं," बाई म्हणाल्या.

चौथ्या मजल्यावरचं दार बंद होतं. डिशवाल्याने बेल दाबली. बेल आत वाजलेली ऐकू आली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. बाईंनी त्याला बाजूला सारलं आणि तळहाताने दारावर थापा मारल्या.

"साहेब! दार उघडा. तारेचं काम आहे."

आतून काहीतरी वाजलं. अगदी बारीक. टक.

"आहेत आत," बाई डिशवाल्याला म्हणाल्या. "ऐकलंस ना?"

"काहीतरी वाजलं खरं."

दोघं थांबले. पावलं नाहीत, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. पुन्हा टक, आणि मग शांतता. बाईंच्या डोक्यात दोन वर्षांची ओल एकदम वर आली.

"असं होय!" त्या दाराला तोंड लावून ओरडल्या. "आत बसून मजा बघताय? पत्राचा राग तारेवर काढलात? अहो, माझ्याशी भांडा, माझा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्या तोंडचा घास काय काढता? तुमच्यासारखा माणूस म्हणूनच एकटा मरतो! राहा आत कड्या लावून. तुमचं दार वाजवायला मी पुन्हा यायची नाही!"

आवाज जिन्यात घुमला. वरून वहिनींनी कठड्यावरून वाकून पाहिलं. आतून आणखी एकदा टक झालं, आधीच्यापेक्षा हलकं. बाई तोवर वळल्या होत्या.

खाली फाटकाशी पहारेकरी खुर्चीत बसून पेपर वाचत होता. बाईंनी त्याच्याकडे तक्रार केली, तर तो चक्रावला.

"मोजणीसाहेब? ते तर गावाला गेलेत, बाई. मुलीकडे. शनिवारी मला विचारत होते, पहाटे रिक्षा मिळेल का म्हणून."

"जाताना बघितलंस?"

"काल माझी सुट्टी होती. पण गेलेच असणार. आज सकाळपासून दिसले नाहीत."

"मग आत वाजलं काय?"

"फ्रिज असेल. नाहीतर उंदीर," पहारेकरी म्हणाला. "रिकाम्या घरात काय, काहीही वाजतं."

बाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं. बंद घराशी भांडून आलो की काय आपण! पण राग इतक्या लवकर उतरतो कुठे? जाता जाता तार काढून गेला असेल, त्यांनी मनाशी ठरवलं. असली माणसं जाताना दिवासुद्धा मोजून बंद करतात.

"ताई, एक उपाय आहे," डिशवाला म्हणाला. "चौथा मजला सोडूनच द्यायचा. वहिनींच्या खिडकीतून तार बाहेर काढतो, भिंतीवरून सरळ तुमच्या खिडकीत आणतो. साहेबांच्या घराला हातही लावायला नको. तासाभराचं काम."

"घाल," बाई म्हणाल्या. "त्यांच्या वाटेला जायलाच नको."

काम सुरू झालं. वहिनींच्या खिडकीच्या चौकटीत ड्रिल घुमलं, आणि ती घरघर दोन मजल्यांच्या भिंतींतून खाली आली. नवरा अंथरुणात ताठ झाला.

टण.

"आवाज होणारच हो. दोन मिनिटं सोसा."

टण. टण. टण. दोनाची घंटा नव्हे. एकेक, सुटी, मध्ये श्वासाएवढं अंतर ठेवून. थांब. थांब. थांब. बाई खिडकीत उभ्या राहून वर बघत होत्या. पांढरी तार वहिनींच्या खिडकीतून निघाली, डुलत डुलत खाली आली, साहेबांच्या बंद खिडकीच्या काचेला घासली. पडद्यामागे काही दिसत नव्हतं. तार काचेवर क्षणभर अडकली. वरून डिशवाल्याने झटका दिला, तशी ती सुटली आणि बाईंच्या हातात आली.

पाठीमागे नवरा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. "व... वर. प... प..."

"पाणी? देते. तार हातात आहे ना माझ्या."

दोनला पाच मिनिटं कमी असताना चित्र आलं. कुठल्याशा तलावात पोहण्याच्या शर्यती चालल्या होत्या. निळं पाणी, पांढऱ्या टोप्या, ओरडणारी माणसं. बाईंनी टाळी वाजवली. डिशवाला खाली येऊन कपाळ पुसत दारात उभा राहिला, आपल्या कामाकडे खुशीत बघत.

नवरा पडद्याकडे बघेना.

"अहो, आलं ना! बघा तरी."

टण.

"आता कसलं थांब? झालं सगळं." बाईंचा आवाज चढला. "तो बिचारा उपाशीपोटी राबतोय, मी मघापासून जिने चढउतार करतेय, आणि तुमचं आपलं चालूच!"

नवऱ्याने शिवी दिली. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. मग त्याने उशाशी ठेवलेला पेला डाव्या हाताने उचलला. पेल्यात अर्धं पाणी होतं. पाणी त्याच्या बाहीवर सांडत होतं, तरी त्याने तो जमेल तितका उंच धरला. छताकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. आणि सोडून दिला.

पेला फरशीवर आपटला. पाणी चहूकडे उडालं.

"वर," नवरा म्हणाला.

"चिडलेत," डिशवाला हळूच म्हणाला.

बाई फडकं घ्यायला वळल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. पेला आडवा पडून अजून डोलत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"वर काही पडलं?" त्यांनी विचारलं.

टणटण.

"सामान?"

टण.

बाई पलंगाजवळ गेल्या. आवाज एकदम खाली आला. "माणूस?"

टणटण. टणटण. टणटण. तो थांबेचना. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"आज?"

त्याने मान हलवली. नाही.

"काल. टीव्ही गेला तेव्हाच?"

हात त्यांच्या हातात असतानाच त्याने दोनदा दांडीवर मारला.

दिवसभर त्या पलंगावर पडून तो काय करत होता? चित्र बघत होता, असं बाई धरून चालल्या होत्या. तो ऐकत होता. वरच्या माणसाची काठी, खुर्ची, चपला, रोजची प्रत्येक फेरी त्याला पाठ होती. काल संध्याकाळी एक धप्प झालं, पडदा निळा झाला, आणि त्यानंतर वरून एकही पाऊल वाजलं नव्हतं. एकवीस तास होऊन गेले होते. आणि मधल्या वेळात बाई त्या दाराशी जाऊन काय बोलून आल्या होत्या, ते त्यांना शब्द न् शब्द आठवलं.

त्या जिन्याकडे धावल्या. वयाची साठी जवळ आलेली, गुडघे दुखरे. पण तो मजला कसा चढला ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

"साहेब!" दाराला कान लावून त्या म्हणाल्या. "मी खालची. ऐकू येतंय का? काहीतरी वाजवा. मघासारखं वाजवा."

काही नाही.

"साहेब, एकदाच."

आत फ्रिज गुणगुणत होता. तो आवाज आणि दुपारचा तो टक, यात काय साम्य होतं? मुळीच नव्हतं. कानाने ऐकलं होतं, मनाने घेतलं नव्हतं.

"दार फोड," त्या डिशवाल्याला म्हणाल्या.

तो मागे सरकला. "ताई, आत कोणी नसलं तर? साहेब गावाला असले आणि मी दार फोडलं असलं, तर? मी रोज लोकांच्या घरात शिरून पोट भरतो. एकदा नाव गेलं, की कोण उंबरा चढू देईल मला?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आवाजाने पहारेकरीही वर आला होता. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुझ्या वहीत त्यांच्या मुलीचा नंबर आहे ना? लाव. आत्ता."

फोन लागायला वेळ लागला. पहारेकऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. घंटा वाजत राहिली, आणि मग एका बाईचा घाईतला आवाज आला.

"बाबा? नाही, इकडे कुठे आलेत? ते पुढच्या शनिवारी येणार आहेत. काल रात्री फोन केला, उचलला नाही, मला वाटलं झोपले असतील. काय झालं? कोण बोलतंय?"

बाई फोनजवळ वाकल्या.

"मी तिसऱ्या मजल्यावरची. आम्ही दार फोडतोय. तू निघ." आणि फोन तोडून त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "रुग्णवाहिका बोलाव."

डिशवाला एव्हाना गुडघ्यावर बसून ड्रिलला जाड टोक बसवत होता. त्याने कुलपाच्या भोकात ते रोवलं. लोखंड किंचाळलं, पिवळा भुसा आणि चकचकीत कीस त्याच्या पावलांवर पडला. वहिनींनी वरून तारेचा जोड आणून वीज दिली होती. ड्रिल गरम होऊन बंद पडलं, की त्या वाऱ्यासाठी पुठ्ठा हलवायच्या. बाई दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलत राहिल्या. काय बोलत होत्या त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आलोच साहेब. हे काय, आलोच. आता सुटलंच कुलूप.

कुलूप सुटलं. दार दोन बोटं उघडलं आणि खाडकन अडकलं. आतून साखळी लावलेली होती.

फटीतून कोंदट, आंबूस वास आला. बाईंनी एक डोळा लावला. एक उलटी पडलेली चप्पल. खुर्चीचे पाय. आणि त्यापलीकडे फरशीवर एक हात, तळवा वर, शेजारी टीव्हीचा रिमोट. त्याच रिमोटने साहेब फरशी वाजवत होते. हाताची बोटं अर्धी मिटलेली होती आणि हलत नव्हती.

"दिसले," बाई म्हणाल्या. "साहेब, बोट हलवा. एक बोट."

मागे डिशवाल्याने करवतीचं पातं हातात घेतलं होतं, पण बाईंचं डोकं फटीत असल्याने त्याला जागा नव्हती. तो थांबला. पहारेकरी थांबला.

करंगळी हलली.

"हलली!" बाई ओरडल्या आणि बाजूला झाल्या. "काप!"

साखळी कापायला चार-पाच मिनिटं लागली असतील. दार उघडताच बाई सर्वांत आधी आत शिरल्या. साहेब खुर्ची आणि टीव्हीच्या टेबलामध्ये कुशीवर पडले होते. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. डाव्या पायाला घोट्यापाशी तारेचे दोन वेढे बसले होते. अडखळून पडताना त्यांनी सॉकेटच भिंतीतून ओढून काढलं होतं. बाई वाकल्या आणि त्यांनी तार सोडवायला हात घातला.

"ताई, थांबा! ओढू नका!"

डिशवाल्याचा आवाज असा होता की बाई जागच्या जागी गोठल्या. त्यांनी वर पाहिलं. टेबलाचा पुढचा एक पाय मोडून वाकला होता. त्यावरचा जुना, अवजड, मागे ढेरी असलेला टीव्ही पुढे घसरून निम्मा बाहेर आला होता, नेमका साहेबांच्या डोक्यावर. मागच्या बाजूने एक तार ताणून बसली होती, तेवढ्या आधाराने तो तिथे थांबला होता. त्या तारेचं दुसरं टोक टेबलाच्या मागून वळसा घेऊन साहेबांच्या पायाला होतं.

म्हणून तो माणूस बावीस तास पाय हलवत नव्हता. सरपटत दाराकडे जात नव्हता. तोंड सुकून हाकही फुटत नव्हती, म्हणून हातात आलेला रिमोट तेवढा वाजवत होता.

डिशवाला आणि पहारेकरी दोन्ही बाजूंनी गेले. "आधी धरा. धरलंत? उचला." टीव्ही उचलला गेला, टेबल बाजूला ढकललं, आणि मग बाईंनी पाय मोकळा केला. पाय भलत्याच कोनात वळला होता. त्या फरशीवर बसल्या, ओल्या रुमालाने साहेबांचे ओठ पुसू लागल्या. साहेबांनी डोळे वळवून त्यांच्याकडे पाहिलं. खाली रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईपर्यंत त्या ओठ ओले करत राहिल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की आणखी चार-सहा तास गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर मुलीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. इमारतीत बाईंचं नाव झालं. जो भेटेल तो म्हणायचा, बाई, तुमच्यामुळे वाचले हो साहेब. बाई मान खाली घालून पुढे जायच्या. घरी येऊन नवऱ्यापाशी बसायच्या. "तुम्ही वाचवलं," त्या त्याला म्हणायच्या, "आणि मी काय केलं ते तुम्हाला ऐकू आलंच असेल." तो दांडीवर काही वाजवायचा नाही. नुसता त्यांचा हात धरून ठेवायचा.

चौथ्या दिवशी भेटायच्या वेळेत बाई दवाखान्यात गेल्या. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. साहेब उशीला टेकून बसले होते, चेहरा अजून कागदासारखा.

बाईंनी स्टूल ओढलं. रस्ताभर जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही जागेवर राहिलं नव्हतं.

"साहेब, मी त्या दिवशी आधी एकदा आले होते," त्या म्हणाल्या. "दाराशी."

"माहीत आहे. मोडलाय तो खुबा. कान शाबूत आहेत."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकत होता.

"तुम्ही ओरडायला लागलात ना," साहेब सावकाश म्हणाले, "तेव्हा मला आनंद झाला. म्हटलं, ही बाई इतकी तापली आहे, आता दार फोडल्याशिवाय जात नाही. आणि तुम्ही गेलात." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "पडलो तेव्हा रडलो नव्हतो. तेव्हा रडलो."

बाईंना रडू आलं, पण आपण इथे रडणं म्हणजे त्यांच्याकडून समजूत काढून घेणं, असं वाटून त्यांनी ते गिळलं. अजून एक सांगायचं राहिलं होतं. ते साहेबांना ठाऊक नव्हतं आणि कधी कळण्याचं कारणही नव्हतं.

"मी तुमचं घर वगळून बाहेरून तार ओढून घेतली," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत पडला होतात, आणि माझ्याकडे दोन वाजता चित्र आलं होतं. मी टाळी वाजवली. यांनी पेला आपटला नसता तर मी बसून बघत राहिले असते."

बाईंना वाटलं, आता तोंड फिरवतील. आणि फिरवलं असतं तर त्यांचं काही चुकलं नसतं.

"खिडकीवर काहीतरी घासलं होतं," साहेब म्हणाले. "ती तार होय?"

"हो."

"मला वाटलं, पक्षी." त्यांनी डोळे मिटले. बाई उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात ते पुन्हा बोलले. "मुलीकडून किल्ली घ्या. नवं कुलूप बसवलंय म्हणे. आत चष्मा राहिलाय माझा. पडताना कुठे उडाला, सापडत नव्हता. चार दिवस झाले, मला कोणाचं तोंड नीट दिसलेलं नाही. मुलीला सांगितलं तर ती नवा करू म्हणते. मला तोच हवा."

"आणते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं आवरून झाल्यावर त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. कुलूप उघडून पहिल्यांदा सगळ्या खिडक्या उघडल्या. फरशी पुसली. मग गुडघे टेकून त्यांनी खुर्चीखाली पाहिलं, मोडक्या टेबलाखाली पाहिलं, पडद्यांच्या घड्या झटकल्या. चष्मा कुठेच नव्हता. शेवटी फरशीला गाल टेकून कपाटाखाली पाहिलं, तर पार भिंतीशी काहीतरी चमकलं. झाडूच्या दांड्याने त्यांनी तो ओढून काढला. काचा धड होत्या. एक काडी वाकली होती.

बाईंनी तो पदराने पुसला, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरून पाहिला, आणि दवाखान्यात जाण्याआधी काडी सरळ करून घ्यायला चष्मेवाल्याच्या दुकानाकडे निघाल्या.